इतिवृत्तातला चौथा मुद्दा

माणूस जे बोलला ते कागदावर सरकारी वळणाच्या हिंदीत बसवून द्यायचं, ह्या कामात आमच्या रुग्णालयात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. ही बढाई आहे, हे मला कळतं. पुढे जे सांगायचंय त्यात ह्याच बढाईचे वाभाडे निघणार आहेत, म्हणून ती आधीच मारून घेते.

मी मूळची महूची. आजोबा फौजेत होते, वडील फौजेच्या कँटीनमध्ये. आमच्या वस्तीतल्या निम्म्या विधवांच्या पेन्शनचे अर्ज वडिलांनी लिहिले आणि उरलेल्या निम्म्यांचे मी. वडील सांगायचे, "साहेबाला मंजूर करायला सोपं जाईल असं लिही. त्याला विचार करायला लावलास की अर्ज पडून राहतो." हे शिकून मी इंदूरच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर म्हणून लागले आणि एकतीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झाले.

मेडिकल सोशल वर्कर म्हणजे नक्की कोण, हे मला एकतीस वर्षं लोक विचारत आले. शेजाऱ्यांना वाटायचं मी नर्स आहे, नर्सेसना वाटायचं मी ऑफिसची आहे आणि ऑफिसला वाटायचं मी रिकामी आहे. काम तसं साधं. डॉक्टर आजार बघतात, आम्ही आजाराच्या आजूबाजूचं बघतो. हा माणूस घरी गेल्यावर तिसऱ्या मजल्यावर चढणार कसा, ह्याला आंघोळ कोण घालणार, सुनेचं आणि सासूचं पटत नसेल तर औषध कोणाच्या हातात द्यायचं, सोबत कोणीच नसेल तर कोणाला शोधून आणायचं. डिस्चार्जच्या कागदावर ‘पूर्ण विश्रांती’ असं लिहिलेलं असतं आणि पेशंट असते परदेशीपुऱ्यात दहा माणसांचा स्वयंपाक करणारी बाई. तो कागद आणि ती बाई ह्यांच्या मधल्या जागेत आमची नोकरी.

नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना रुग्णालयात एक नवी समिती निघाली. नियम ठरवताना पेशंटना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या घरच्यांनाही विचारलं पाहिजे, असं वरून आलं होतं. म्हणून ‘रुग्ण-परिजन सल्लागार समिती’. अध्यक्ष अधीक्षक साहेब, एक विश्वस्त, दोन डॉक्टर, मेट्रन, आणि सहा जण पेशंट किंवा त्यांचे नातेवाईक. सदस्य-सचिव मी. म्हणजे लोकांना बोलावणं, पोहे-चहा सांगणं, सगळ्यांचं ऐकणं आणि शेवटी इतिवृत्त लिहिणं. कोण काय बोललं, काय ठरलं, ह्याचा तो अधिकृत कागद. बैठक दोन तास चालायची, पण अंमलात काय यायचं ते इतिवृत्तात काय उतरलं ह्यावर.

पहिल्या वर्षी लोक बोलायलाच तयार नसत. मल्हारगंजचे एक कापडवाले शेठ होते, ते मात्र दर वेळी बोलत आणि दर वेळी स्कूटर लावायच्या जागेबद्दलच बोलत. त्यांची आई कंबरेचं हाड मोडून आमच्याकडे महिनाभर होती, पण तिच्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. दुसरे होते गेंदालालजी. मिलमधून रिटायर झालेले, दम्याचे जुने पेशंट. ते फक्त पोह्यांसाठी येतात असं मेट्रनचं मत होतं, आणि पोहे ते दोनदा घेत हे खरंच होतं. तिसऱ्या बैठकीत त्यांनी शेव-पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "साहब, एक बात बोलूँ? ओपीडी में आपकी बाई नंबर पुकारती है. हम मिल वाले सब आधे बहरे हैं. लूम ने कान खा लिए. नंबर निकल जाता है, फिर आख़िर में बिठाते हैं. हम सोचते रहे भिया कि ग़रीब हैं इसलिए बिठाते हैं."

इतकी वर्षं आमच्या ओपीडीत मिल कामगार येत होते आणि ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘श्रवण-बाधित रुग्णों की सुविधा हेतु क्रमांक-प्रदर्शक बोर्ड लगाया जाना उचित होगा.’ महिनाभरात लाल आकड्यांचा बोर्ड लागला. गेंदालालजी मुद्दाम बघायला आले आणि बोर्डाखाली उभे राहून सगळ्यांना सांगत सुटले की ये मैंने लगवाया है. मीही त्या दिवशी घरी जाऊन तेच सांगितलं, फक्त ‘मी लावून घेतला’ असं.

तर अशी माझी गाडी जोरात होती. इतिवृत्ताची नाडी मला सापडली होती. अधीक्षक साहेब हिरव्या शाईने समासात तीनच शेरे मारत. ‘नोटेड’ म्हणजे विसरा. ‘विचाराधीन’ म्हणजे सावकाश विसरा. ‘स्वीकृत’ म्हणजे काम होणार. कोणत्या वाक्याला कोणता शेरा पडेल हे मी लिहितानाच ओळखायची. कोणी चिडून बोललं की मी त्यातला राग काढायची. कोणी डॉक्टरांकडे बोट दाखवलं की बोट काढायची. जे उरेल ते मंजूर होण्यासारखं असायचं. माझ्या मुद्द्यांना ‘स्वीकृत’ जास्त पडत आणि बाकीच्या विभागांचे लोक माझ्याकडे आपले कागद तपासून घ्यायला येत.

मग मंदाताई आल्या.

मंदाताई जुन्या इंदुरात राहणाऱ्या, घरी बसून साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या. त्यांचे यजमान शाळेत पी.टी.चे मास्तर होते. सगळं इंदूर त्यांना मास्तरच म्हणायचं, त्याही मास्तरच म्हणत. मास्तरांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द राहिला, ‘ठीक’. असं होतं कधी कधी. सगळी भाषा जाते आणि एखादाच शब्द मागे राहतो, मग पेशंट प्रत्येक प्रश्नाला तोच देतो. भूक लागली का, ठीक. पाय दुखतो का, ठीक. आज कोणता वार, ठीक.

आमचा नियम असा होता की सकाळी नऊ ते अकरा डॉक्टरांचा राउंड, तेव्हा सगळ्या नातेवाईकांनी वॉर्डाबाहेर जायचं. गार्ड येऊन ओरडायचा, "चलो भिया, राउंड है, खाली करो!" पिशव्या, डबे, चटया उचलून सगळे बाहेर व्हरांड्याखाली उन्हात उभे. दिवसभर पेशंटचं सगळं करणारा माणूस, आणि डॉक्टर येण्याच्या नेमक्या वेळी तो बाहेर.

मास्तरांच्या नाकात नळी होती, तिच्यातून दूध-पाणी जायचं. एका सकाळी राउंडला डॉक्टरांनी विचारलं, "मास्टरजी, पानी मुँह से उतर रहा है?" मास्तर म्हणाले, "ठीक." नळी काढली. आदल्याच संध्याकाळी मंदाताईंनी चमच्याने ओठ ओले केले होते तर मास्तरांना कितीतरी वेळ ठसका लागला होता. हे सांगायला त्या तिथे नव्हत्या. दुपारी आयाबाईने चहा पाजला तो फुफ्फुसात गेला. अकरा दिवस मास्तर आयसीयूत होते. वाचले.

मंदाताईंनी तक्रार केली नाही. समितीत एक जागा रिकामी होती, मास्तर अजून वॉर्डात असतानाच मी त्यांना बोलावलं. मला वाटलं, बाई शांत आहे, चांगली बोलेल. पहिल्याच बैठकीत त्या उभ्या राहिल्या, सगळे बसून बोलत होते तरी. म्हणाल्या, "साहब, राउंडच्या वेळी मला मास्तरांच्या खाटेपाशी उभं राहू द्या. मी काही बोलणार नाही. डिस्टर्ब बिल्कुल करणार नाही. डॉक्टरसाहेबांनी त्यांना विचारलं ना, की मी मागून फक्त मान हलवीन. हो की नाही, एवढंच." मी ते अध्यक्षांना हिंदीत सांगितलं. ते म्हणाले, "देखेंगे, देखेंगे," आणि विषय स्कूटरच्या जागेवर गेला.

संध्याकाळी मी लिहायला बसले. नातेवाईकांना राउंडला आत घ्यायला साहेबांचा ठाम विरोध आहे, हे मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी एका पेशंटच्या भावाने राउंडमध्येच एका शिकाऊ डॉक्टरला थप्पड मारली होती, तेव्हापासून तो नियम आला होता. आत घ्या असं लिहिलं की ‘नोटेड’ पडणार. म्हणजे बाईला काहीच मिळणार नाही. काहीतरी मिळवून द्यावं म्हणून मी चौथा मुद्दा असा लिहिला:

‘राउंड की अवधि में वार्ड से बाहर प्रतीक्षारत परिजनों को हो रही असुविधा की ओर ध्यान आकर्षित किया गया. समुचित बैठक-व्यवस्था का अनुरोध है.’

लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं आणि खूश झाले. हे कबूल करायला आज तोंड वर होत नाही, पण झाले खूश.

‘स्वीकृत.’ दोन महिन्यांत वॉर्डासमोर पत्र्याची शेड उभी राहिली. लोखंडी बाकं, वर पंखे, कोपऱ्यात थंड पाण्याची टाकी. विश्वस्तांनी ठरवलं की फीत समितीच्या महिला सदस्याच्या हस्ते कापायची. मंदाताईंना बोलावलं. त्या नीट साडी नेसून आल्या, कात्री हातात घेतली, फीत कापली, फोटो निघाले. टाळ्या थांबल्यावर त्या माझ्या कानाशी आल्या.

"ताई, मला बसायचं नव्हतं हो. मला उभं राहायचं होतं."

मला राग आला. खरं सांगते, लाज नाही वाटली, राग आला. एवढी शेड उभी केली, शेकडो लोकांची उन्हातून सुटका झाली, आणि हिला त्याचं काही नाही. मी म्हटलं, "मंदाताई, एकेक पायरी चढावी लागते. सगळं एकदम मिळत नाही." त्या म्हणाल्या, "हो, तेही बरोबर," आणि गेल्या.

त्यानंतर वर्षभराच्या आत मास्तर पुन्हा भरती झाले. ताप होता, पोट फुगलं होतं. खाट नंबर सतरा. आमच्या वॉर्डात नातेवाईक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, खाटेच्या नंबराने ओळखतात. नऊवाली, बाराचे दादा, तशा मंदाताई सतरावाली झाल्या.

मास्तरांना काही दुखलं की ते डाव्या हाताने मांडीवर ताल धरत. एक-दोन, एक-दोन, कवायतीसारखा. जितकं जास्त दुखेल तितका ताल जोरात. घरात मंदाताईंना ते ऐकू आलं की त्या शिलाई सोडून उठत. ही खूण जगात त्यांना एकट्यांनाच माहीत होती. राउंडला डॉक्टरांनी विचारलं, "पेट में दर्द?" मास्तर म्हणाले, "ठीक." आणि मांडीवर ताल. एक शिकाऊ डॉक्टर हसून म्हणाली, "मास्टरजी आज मूड में हैं." हे मला नंतर तिथल्या नर्सने सांगितलं, रडत सांगितलं. मंदाताई त्या वेळी शेडमध्ये बाकावर बसल्या होत्या, वर पंखा चालू होता.

दुपारी त्यांनी नर्सला सांगितलं की मास्तरांना पोटात फार दुखतंय. नर्स म्हणाली, "कल राउंड में बता देना." दुसऱ्या दिवशी राउंड आला आणि गार्डने त्यांना बाहेर काढलं. मग त्या माझ्या खोलीकडे आल्या. खोलीला कुलूप होतं.

मी भोपाळला होते. पेशंटचा सहभाग ह्या विषयावर एक कार्यशाळा होती आणि तिथे मी आमच्या कामाबद्दल बोलत होते. पडद्यावर शेडचा फोटो होता. फीत कापणाऱ्या मंदाताईंचा. मला चांगल्या टाळ्या पडल्या.

तिसऱ्या दिवशी मास्तरांचं पोट कडक झालं तेव्हा धावाधाव झाली. आतडं फुटलं होतं. ऑपरेशन केलं, पण त्यानंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत. त्या दोन दिवसांनी फरक पडला असता का, हे मी सर्जनना विचारलं. ते प्रामाणिक माणूस, म्हणाले, "कह नहीं सकते." मला ‘हो’ म्हणाले असते तरी चाललं असतं आणि ‘नाही’ म्हणाले असते तरी. ‘कह नहीं सकते’ हे उत्तर घेऊन मी अजून जगते आहे. कुंपणानंच शेत खाल्लं असं म्हणतात ना, इथलं कुंपण मी होते.

तेराव्यानंतर मी जुन्या इंदुरात त्यांच्या घरी गेले. एक खोली, खिडकीशी मशीन, बाजूला लोकांच्या साड्यांचा ढीग. मला वाटलं होतं त्या बोलतील, भांडतील, मी ऐकून घेईन आणि मोकळी होईन. त्यांनी मला तशी मोकळी नाही केली. पाणी दिलं आणि विचारलं, "ताई, त्या मीटिंगमध्ये मी बोलले ना, ते तुम्ही काय लिहिलं होतं? मतलब, नेमकं काय?"

कागद माझ्या पर्समध्ये होता. तो मी का नेला होता, देव जाणे. मी चौथा मुद्दा वाचून दाखवला. ‘प्रतीक्षारत परिजनों को हो रही असुविधा.’ त्या लक्ष देऊन ऐकत होत्या.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"ह्याच्यात मी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "आणि मास्तर कुठे आहेत?"

तीस वर्षांत मी किती कागद लिहिले असतील आणि ज्यांचे ते होते त्यांतल्या किती जणांना वाचून दाखवले, ह्याचा हिशेब मी घरी येताना रिक्षात करत होते. एकालाही नाही. आम्ही लोकांना विचारत होतो, ऐकतही होतो, पण लिहिताना मात्र त्यांना बाहेर काढत होतो. तोही आमचा राउंडच होता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मंदाताई बोलल्या तसं, त्यांच्या मराठीत आणि त्यांच्या हिंदीत, मी लिहून घेतलं. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी मला थांबवलं, "असं नाही म्हटलं मी," आणि मी खोडून लिहिलं. मग त्यांनी खाली सही केली.

पुढच्या बैठकीत मी विषयपत्रिकेच्या आधीच हात वर केला. "सर, एक सुधार है. पिछले साल की बैठक का चौथा बिंदु मैंने ग़लत लिखा था."

अधीक्षक साहेबांनी चष्मा काढला. "वाघमारे मैडम, उसका तो शेड बन चुका है."

"हाँ सर. शेड किसी ने माँगा ही नहीं था."

"आप अपने ही मिनट्स को ग़लत बता रही हैं? रिटायरमेंट को एक साल है आपके."

"जी सर. मेरे ही हैं, इसीलिए बता रही हूँ." माझा आवाज चढला होता. घरी माझ्या आवाजाची ओळख सगळ्यांना आहे, ऑफिसात त्या दिवशी झाली. मी मंदाताईंचा कागद मोठ्याने वाचला. ‘मला मास्तरांच्या खाटेपाशी उभं राहू द्या’ हे मराठीतच वाचलं आणि मग हिंदीत सांगितलं. मंदाताई समोर बसल्या होत्या, खाली बघत.

साहेब वाईट माणूस नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. त्यांनी वाद घातला तो खोटा नव्हता. एका राउंडला चाळीस खाटा, प्रत्येक खाटेशी एक माणूस, प्रत्येकाचे चार प्रश्न, म्हणजे राउंड दुपारी दोनला संपणार. संसर्गाची भीती वेगळीच. "और वो थप्पड़ आप भूल गईं? मैं उस लड़के के माँ-बाप को फ़ोन करने वाला आदमी हूँ."

तेव्हा गेंदालालजी बोलले. त्यांना अर्धंअधिक ऐकू आलं नसणार. "साहब, लूम के शोर में कान से कुछ पता नहीं चलता था. पर जो रोज़ उसी मशीन पर खड़ा रहता था, वो हाथ रख के बता देता था कि बिगड़ने वाली है. इंजीनियर साहब भी पहले उसी से पूछते थे. पूछने में कौन सी इज्जत जाती थी उनकी?"

साहेबांनी हिरवं पेन खाली ठेवलं. शेवटी म्हणाले, एकाच वॉर्डात, एक महिना. खाटेमागे एकच माणूस, डॉक्टरांनी विचारल्याशिवाय बोलायचं नाही. भांडण झालं किंवा कोणाला गरज नाही असं दिसलं, तर बंद. "और फिर आप ये फ़ाइल दोबारा नहीं खोलेंगी." मी ते सगळं, शेवटच्या वाक्यासकट, इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि सही करण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत दर बैठकीला तसंच केलं. आमची बैठक पाऊण तास लांबली आणि ‘स्वीकृत’ कमी पडायला लागले. वरातीमागून घोडं, पण निदान घोडं खरं होतं.

पहिला दिवस सोमवार होता. पुरुषांचा मेडिकल वॉर्ड, मास्तर होते तोच. मी आदल्या दिवशी खाटेखाटेशी जाऊन सांगितलं होतं की उद्या राउंडला बाहेर जायचं नाही. गार्डलाही बजावलं होतं. मंदाताईंना मी येता का म्हणून विचारलं होतं. त्या वॉर्डात पुन्हा पाय ठेवायचा म्हणजे सोपं नव्हतं, पण त्या आल्या.

नऊला जिन्यावर औषधांच्या ट्रॉलीचा आवाज आला. गार्ड गप्प उभा होता, तोंड मिटून. आणि वॉर्डातले सगळे नातेवाईक, कोणी काही न म्हणता, उठले. पिशव्या घेतल्या, चटया गुंडाळल्या आणि एकामागून एक दाराबाहेर निघून शेडमध्ये जाऊन बसले. मी "अरे रुको, रुको" म्हणत राहिले. एक म्हातारे गृहस्थ जाता जाता मलाच म्हणाले, "आप भी निकलिए मैडम, राउंड आ गया."

अधीक्षक साहेब स्वतः आले होते. खाटांमधल्या रिकाम्या जागांकडे बघून ते म्हणाले, "देख लिया? कोई रुकना ही नहीं चाहता." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, उलट सुटल्यासारखं वाटत होतं. महिना कसला, हे पहिल्याच सकाळी संपणार होतं.

मंदाताई माझ्या शेजारून निघून दाराबाहेर गेल्या. त्या गेल्या म्हणजे घरीच गेल्या असं मला वाटलं. खिडकीतून बघितलं तर त्या शेडमध्ये होत्या, बाकांच्या मधोमध.

"बसलात काय? उठो सब. अंदर चलो."

"अम्मा, गार्ड भगा देगा," कोणीतरी म्हणालं.

"नहीं भगाएगा."

"आप कौन हैं? स्टाफ़ की हैं?"

मंदाताई जरा थांबल्या. "मैं सत्रह नंबर वाली," त्या म्हणाल्या.

सतरा नंबरवर त्या दिवशी दुसरंच कोणी होतं, आणि शेडमधल्या कोणाला मास्तर माहीत नव्हते. पण खाटेचा नंबर सांगितला म्हणजे ही आपल्यातली, एवढं त्यांना कळलं. आधी एक तरुण सून उठली, पदर सारखा करत. मग तिच्या मागून आणखी सहा-सात जण. सगळे नाही आले. बाकीचे दारातून बघत राहिले.

ती सून सासऱ्यांच्या खाटेमागे उभी राहिली. मंदाताई तिच्या बाजूला, भिंतीला टेकून. डॉक्टर आले, केसपेपर उचलला. "बाबा, गोलियाँ ले रहे हो?"

"हाँ साहब," म्हातारबाबा म्हणाले.

डॉक्टर पुढे निघाले होते. सुनेने मंदाताईंकडे बघितलं. मंदाताईंनी मान हलवली.

"साहब," सून इतक्या हळू म्हणाली की मलाही जेमतेम ऐकू आलं, "गाल में दबा लेते हैं. बाद में थूक देते हैं. तकिए के नीचे रखी हैं."

डॉक्टरांनी उशी उचलली. खाली पाच-सहा गोळ्या होत्या, ओल्या होऊन वाळलेल्या, चादरीला चिकटलेल्या. बाबा छताकडे बघू लागले. डॉक्टर त्या गोळ्यांकडे बघत राहिले, मग सुनेकडे वळून म्हणाले, "और? और बताओ." अधीक्षक साहेब माझ्याशेजारीच उभे होते. त्यांनीही त्या गोळ्या बघितल्या. डॉक्टरांनी उभ्याउभ्याच लिहिलं आणि केसपेपर खाटेच्या पायाशी अडकवून पुढच्या खाटेकडे गेले. तो नियम पुढे टिकला. आज त्या रुग्णालयाच्या तीन वॉर्डांत आहे. सगळ्यांत नाही.

त्या सकाळी मंदाताई मात्र तिथून हलल्या नाहीत. त्यांनी केसपेपर काढून माझ्या हातात दिला.

"काय लिहिलं त्यांनी? वाचा."

मी वाचलं, "स्पिट्स आउट टॅब्लेट्स. इन्फॉर्म्ड बाय डॉटर-इन-लॉ."

"म्हणजे?"

"गोळ्या थुंकून टाकतात. सुनेने सांगितलं."

मंदाताईंनी त्या इंग्रजी ओळींवरून बोट फिरवलं, मी सून दाखवली तिथे थांबवलं.

"हं," त्या म्हणाल्या. "तिचं नाव घातलं नाही, पण आहे ती."